जावेचे शनिवार

माझ्या धाकट्या जावेनं चर्चच्या भर मांडवात उभं राहून पश्चात्ताप केला, तेव्हा सगळी मंडळी डोळे पुसत होती आणि मी मागं बसून दातओठ खात होते. आता वय झालंय, आता खोटं बोलून कुणाला फसवायचं? मला आनंद झाला नव्हता. मला तिचा हेवा वाटला होता. नुसता वाटला नव्हता, पोटात घर करून राहिला होता.

आधी घर सांगते. कोल्हापुरात चर्चच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो. नवरा उद्यमनगरात लेथवर कामाला. मी नेसरीकडची, घरातली थोरली सून. दीर आणि जाऊ लग्नानंतर आमच्यातच होते, एकाच चुलीवर. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. सासूला आम्ही दोघी आत्या म्हणायचो. आत्या अंगानं काटक, तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणार नाहीत. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर भिंतीकडेची जागा त्यांची. पाळकसाहेब बदलले, खिडक्यांचा रंग बदलला, पण ती जागा काही बदलली नाही. म्हणजे दोऱ्याचं ते प्रकरण होईपर्यंत.

दुष्काळाच्या आधीची गोष्ट. जावेच्या पहिल्या पोराचा बाप्तिस्मा होता. पोराला लांब पांढरा झगा, डोक्याला लेसची टोपी. पाळकसाहेबांनी पोर हातावर घेतलं, त्यानं पाय झाडले, बाही वर सरकली, आणि दंडाला काळा दोरा दिसला. दोऱ्यात चिंधीची बारीक पुरचुंडी. गावात पोरांना दृष्ट लागू नये म्हणून सगळेच बांधतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. पण आम्ही ख्रिस्ती माणसं. एकीकडं पोराच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी आणि दुसरीकडं दंडाला देवरषाचा दोरा, हे आमच्यात चालत नाही. पाळकसाहेबांनी विधी कसाबसा उरकला. उपासना सुटल्यावर चर्चचे पंच आतल्या खोलीत बसले आणि आम्हाला बोलावून विचारलं, हा दोरा कुणी बांधला?

जाऊ म्हणाली, "आत्यांनी."

मी तिथल्या तिथं म्हणाले, आत्या असलं काही करणार नाहीत. एक पंच म्हणाले, "बाई, बांधताना तुम्ही बघितलंय का कुणाला?" बघितलं नव्हतं. मग सुनेचं कोण ऐकतो? आत्यांची आजी गावाकडं पोरांची दृष्ट काढायची, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. तेवढं पुरलं. आत्या एकदाच म्हणाल्या, "म्या न्हाय." मग त्यांनी जावेच्या तोंडाकडं बघितलं आणि ज्या मूग गिळून बसल्या त्या बसल्याच. नंतर घरी मी खूप चिडले तेव्हा म्हणाल्या, "खरं बोलली असती तर धाकट्यानं तिला माहेराला घालवली असती. बाळंतीण हाय ती. गप बस."

पंचांनी आत्यांना वर्षभर प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. आमच्याकडं ही मोठी शिक्षा. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचे बारके तुकडे आणि द्राक्षरसाचे लहान काचेचे प्याले ताटातनं बाकाबाकावरनं फिरतात. ज्याला अशी शिस्त, म्हणजे शिक्षा, लागलीय त्यानं हात लावायचा नाही, आणि सगळ्यांना ते दिसतं. आत्या तिसरा बाक सोडून दाराजवळच्या, चपलांपाशी असलेल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मीही त्यांच्याबरोबर तिथं गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं. ताट यायचं, मी माझा प्याला घ्यायचे, आणि माझ्याच हातानं ते ताट आत्यांच्या मांडीवरनं पलीकडच्या बाईला द्यायचे. आत्या खाली बघत बसायच्या. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत.

त्याच सुमारास दिराला वारणानगरला काम मिळालं, राहायला खोली मिळाली. जाऊ गेली ती गेलीच. सणाला नाही, दुखल्याखुपल्याला नाही. दीर यायचा, अर्धा तास बसून चहा पिऊन जायचा. वर्ष सरल्यावर पंच म्हणाले, आत्या, आता या पुढं. आत्या प्रभुभोजन घ्यायला लागल्या, पण बाक बदलला नाही. शिक्षा संपली तरी नाव काही धुऊन निघालं नव्हतं. बायका बोलायच्या नीट, पण आत्यांनी कुणाच्या पोराला उचललं की आई लगेच पोर परत घ्यायची. मग आत्यांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. हात लुळा पडला, पाय ओढायला लागला. अंघोळ, वेणी, शौचाचं भांडं, भाकरी कुस्करून भरवणं, सगळं माझ्याकडं आलं. मी केलं. कुरकूर केली नाही. खरं सांगायचं तर मला त्यात एक तोरा होता. गल्लीत म्हणायचे, सून असावी तर अशी. मला तेवढं पुरत नव्हतं. मला ते आत्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदा तरी त्यांनी म्हणावं की तू मला सगळ्यांत जवळची. दुसरं मला काहीच नको होतं.

आणि मग चर्चच्या आठवडाभराच्या सभा आल्या. बाहेरगावचे उपदेशक, चर्चच्या आवारात मांडव, पेटी, तबला, रोज संध्याकाळी गर्दी. शेवटच्या दिवशी साक्षी असतात. ज्याला देवानं टोचलंय त्यानं उठून सांगायचं. कुणी दारू सोडली, कुणी भावाशी बोलायला लागला. मी आत्यांना खुर्चीत बसवून मागं घेऊन बसले होते. बघते तर बायकांच्या रांगेतनं जाऊ उठली. आलीय हेही मला माहीत नव्हतं. पुढं गेली आणि म्हणाली, "माझ्या पोराच्या दंडाला दोरा माझ्या आईनं बांधलता. मला ठावं हुतं. मी आत्यांचं नाव घेतलं. आत्यांनी वर्षभर भोगलं, मी तोंड उघडलं न्हाय. माझ्या पोराला ताप आला की मला वाटतंय, देव त्यो दोरा आजून बघतोय." एवढं बोलली आणि तिथंच मटकन खाली बसली.

मांडवात हुंदके. आत्यांनी उजवा हात वर केला आणि म्हणाल्या, "आण गं तिला हिकडं." जाऊ गुडघ्यांवर आली, आत्यांच्या मांडीत डोकं खुपसलं. आत्या तिच्या पाठीवरनं हात फिरवत होत्या, नुसत्या फिरवत होत्या. जुने पंच आले, त्यांनी हात जोडले. पाळकसाहेब म्हणाले, आत्याबाईंना त्यांच्या जागेवर न्या. रविवारी चार माणसांनी खुर्ची उचलली, आत्या परत तिसऱ्या बाकाशी, आणि शेजारी जाऊ. मागच्या बाकावर मी एकटी राहिले. पुढं ये म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी आत्यांबरोबर चपलांच्या वासात बसले. त्यानं त्यांचं नाव धुऊन निघालं नाही. आणि जिनं चिखल उडवला तिनं पाच मिनिटं रडून ते धुतलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. शेजारची म्हणाली, "तुमच्या जावेनं काय मन मोठं केलं की." मी म्हणाले, हो, आता मोठं करायला काय जातंय. तिनं माझ्याकडं विचित्र बघितलं.

मला वाटलं होतं हे चार दिवसांचं. सभा संपली, मांडव उतरला, की बाईसाहेब वारणानगरला आणि मी परत भांडं घासायला. पण शनिवारी दुपारी एसटीनं जाऊ हजर. पिशवीत घरचं तूप आणि खोबरेल तेलाची बाटली. म्हणाली, "अक्का, आज तुम्ही बसा. आत्यांचं मी करते." आणि केलं. पाणी तापवलं, अंघोळ घातली, शौचाचं भांडं धुतलं, केस विंचरले. आत्यांचे केस पातळ, गाठी व्हायच्या. मी पटापट ओढून मोकळी व्हायचे, मला पुढचा स्वयंपाक असायचा. ही बोटांनी एकेक गाठ सोडवत बसली. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी चुलीपाशी कांदा चिरत होते आणि तेवढं बघत होते.

पुढच्या शनिवारी परत आली. त्याच्या पुढच्याही. आत्या शुक्रवारीच विचारायला लागल्या, उद्या शनवार न्हवं? सोमवार ते शुक्रवार कोण करत होतं त्यांचं? ते वार कोणी विचारत नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

आणि मी प्रार्थना करायला लागले. तेही जेवायच्या आधी, अन्नावर आशीर्वाद मागताना, डोळे मिटून, रीतसर. देवा, हिचं खोटं निघू दे. एका शनिवारी तरी हिला कंटाळा येऊ दे. आत्यांना कळू दे की रडणारी निराळी आणि राबणारी निराळी. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं होतं की पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतलं पाणी नव्हे, पश्चात्ताप म्हणजे वाट बदलणं. मी तेवढंच धरून बसले होते. बघू की, किती दिवस ही वाट चालते.

एकदा एसटीवाल्यांचा संप झाला. मी मनात म्हटलं, झालं, ऐकलं देवानं. दुपार टळली, कोण आलं नाही. आत्या दाराकडं बघून बघून थकल्या. मी त्यांना म्हणाले, "गाड्याच बंद हाईत, ती तरी काय करणार," आणि म्हणताना माझा आवाज इतका गोड आला की माझी मलाच लाज वाटावी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला उसाचा ट्रक थांबला. ड्रायव्हरच्या शेजारनं जाऊ खाली उतरली, लुगड्याला पाचोळा, बगलेत तेलाची बाटली. आत्या हसल्या, चांगल्या मोठ्यानं हसल्या. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. देवसुद्धा तिच्याच बाजूला.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्याकडं त्याच्या आदल्या दिवशी तयारीची सभा असते. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं तिथं मिटवायचं आणि मगच दुसऱ्या दिवशी ताटाला हात लावायचा. पाळकसाहेब म्हणाले, कुणाचं कुणाबद्दल काही असेल तर आत्ता बोला. जाऊ उठली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अक्का, आत्यांनी भोगलं त्यात तुम्ही बी भोगलासा. तुमची माफी मी मागितलीच न्हाय. मला माफ करा."

सगळे बघत होते. त्यावर काय म्हणायचं ते आमच्यात ठरलेलं असतं. मी म्हणाले, "माझ्या मनात काय न्हाय." बायकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब म्हणाले, धन्य. जाऊ तेवढी जागची हलली नाही. माफ केलं असं मी म्हणेन म्हणून ती वाट बघत होती. मी तसं म्हणाले नाही. मनात काही नाही म्हटलं की माफ तरी कशाला करायला पाहिजे? हात रिकामे घेऊन ती जागेवर जाऊन बसली, आणि मला बरं वाटलं.

प्रभुभोजनाची सगळी तयारी माझ्याकडं असायची. काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, पहाटे उकळायच्या, फडक्यातनं गाळायच्या. गल्लीच्या तोंडाला असलेल्या चाचांच्या बेकरीतनं ताजा पाव आणायचा, कडा काढून तुकडे करायचे. त्या रविवारी ताटं बाहेर गेली आणि मी आतल्या खोलीत नळाशी उभी राहिले. बाहेर जावं, बाकावर बसावं, प्याला घ्यावा, असं होईना. कुणाला काही वाटलं नाही. जी बाई सगळं करते ती आत असणारच. पुढच्या वेळीही मी प्याले विसळायचं निमित्त काढलं. त्याच्या पुढच्या वेळीही. ज्या हातांनी रस गाळला त्या हातांना तो घेता येईना. हे मी कुणाला सांगणार? मनात काही नाही, असं सगळ्यांसमोर मीच म्हटलं होतं की.

एका दुपारी आत्यांना पेज भरवत होते. मंगळवार असेल, बाजाराचा दिवस नव्हता एवढं आठवतं. आत्या चमचा बाजूला सारून म्हणाल्या, "तू ताट घेत न्हाईस."

मी म्हणाले, कसलं ताट?

"म्या वरीसभर मांडीवरनं जाणारं ताट बघितलंय. कोण घेतंय, कोण न्हाय, मला मागं वळून बघाय लागत न्हाय."

आणि मग माझं तोंड सुटलं. हातातली वाटी आदळली मी. म्हणाले, कशी घेऊ? भांडं मी घासायचं, पाठीला पावडर मी लावायची, रात्री तीनदा मी उठायचं, आणि तुम्ही वाट बघणार शनिवारची. तिनं तुमचं वाटोळं केलं आणि तीच तुमची लाडकी. माझं काय चुकलं ते तरी सांगा. सांगाच आज.

मला वाटलं, आत्या आता रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाय. त्येच तर हाय. तू कदीच काय चुकली न्हाईस. तिला म्या माफ केलं, माझ्याकडनं तिला कायतरी गेलं. तुला मी काय देऊ गं? मी खाटंवर. तुझ्या हातनं खाती, तुझ्या हातनं उठती. तुज्याम्होरं मी कायम घेणारीच. देणारी कवाच न्हाय. सोमवार ते शुक्रवार मी लाचार असती. शनवारी तेवढी मी सासू असती."

असं कुणी कानफटात मारलं नसेल मला. उठून जावं वाटलं. पण पेज अर्धी राहिली होती. मी वाटी परत उचलली, आणि मग, का ते माहीत नाही, खाली बघूनच म्हणाले, "चुकलीय की मी."

"काय?"

"मी रोज प्रार्थना करते, तिचं खोटं निघू दे म्हणून."

"कवापास्नं?"

"पहिल्या शनिवारपास्नं. जेवायच्या आधी."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांचं एका बाजूनं वाकडं झालेलं तोंड हललं, आणि कळायला वेळ लागला, पण त्या हसत होत्या. "म्हंजी माझ्या घासाला त्योच आशीर्वाद," म्हणाल्या. मला हसू येईना. मला भडभडून आलं. इतकी वर्षं डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ते पेजेच्या वाटीत पडायला लागलं. आत्यांनी चांगला हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. जड हात होता. "केलं माफ," त्या म्हणाल्या. आणि त्या खाटेवर ज्या रुबाबात बसल्या होत्या, तसं मी त्यांना तिसऱ्या बाकावरसुद्धा कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "माझं झालं. आता शनवारी तिला सांग. तिची माफी तिच्याकडं."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार माझे कसे गेले विचारू नका. देवाला सांगणं सोपं, तो काही उलटून बोलत नाही. आत्यांना सांगणंसुद्धा जमून गेलं. पण जिचा हेवा केला तिच्यापुढं जाऊन उभं राहायचं? ती आता मंडळीत साक्षीची बाई. बायका तिला प्रार्थनेला बोलवायच्या. आणि मी, नाकानं कांदे सोलणारी थोरली, तिला काय सांगणार, की बाई, मी तुझं वाईट चिंतत होते?

शनिवारी आली. पिशवी टेकवली, पदर खोचला, पाणी तापवायला ठेवलं. मी चुलीपाशी तिच्या शेजारी जाऊन बसले. आत्या खाटेवरनं बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या. मी एका दमात सांगून टाकलं. तयारीच्या सभेत मी खोटं बोलले. माझ्या मनात होतं, खूप होतं. तू यायची बंद व्हावीस म्हणून मी देवाकडं मागत होते. संपाच्या दिवशी तू येणार नाहीस म्हणून मला आनंद झाला होता. मला माफ कर.

तिनं जाळ पुढं सारला. मग म्हणाली, "मला ठावं हुतं, अक्का."

"काय ठावं हुतं?"

"तुम्ही दारात उभं राहून वाट बघायचासा. आत्या माझी वाट बघायच्या मी यावं म्हणून, आन् तुम्ही बघायचासा मी येऊ नये म्हणून. पहिल्या चार शनवारांतच माझा जीव गेलता. कंबर दुखायची, पोरं मागं रडायची. मला वाटलं, माफी मिळालीया, आता बास की. पण मग तुमचं त्ये तोंड आठवायचं." तिनं तपेलं उतरवलं. "आत्यांच्या मायेनं मी महिनाभर आली असती. दोन वरसं आलीया ती तुमच्यामुळं."

माफी मागायला मी गेले होते, आणि इथंसुद्धा तीच वरचढ. मला परत तिचा राग आला. पण या वेळी तो मी गिळला नाही. तिच्या तोंडावर म्हणाले, "तुझा लई राग येतोय मला आत्ता."

"येऊ द्या की," ती म्हणाली. "आत्यांना धरा, पाणी निवतंय."